समाजाचे वकीलपत्र

पनवेल शहर मागे टाकून गाढी नदी ओलांडली की करंजाडे लागते. भाताची खाचरे आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी, एवढीच एकेकाळी ज्याची ओळख होती, ते हे गाव आज सिडकोच्या आखीव रस्त्यांनी आणि उंच इमारतींनी वेढले गेले आहे. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेलेल्या कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबांनी येथे आपला संसार मांडला. वास्तुशांत होते, दाराला तोरण लागते आणि घरखरेदीचा जाडजूड करारनामा कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन पडतो. त्या करारनाम्याची पहिली काही पाने सहसा कोणी वाचत नाही. घर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरील असेल, तर मूळ शेतकऱ्याचे नाव, त्याची संपादित झालेली जमीन आणि त्या मोबदल्यात सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला भूखंड यांची हकीकत त्या पानांवर नोंदलेली असते. नव्या घराचा पाया कोणाच्या शेतावर उभा आहे, हे सांगणारी ती पाने आहेत.

शेतकऱ्याची जमीन सरकारने घेतली, पैसे दिले आणि विषय संपला, असाच या देशातील भूसंपादनाचा शिरस्ता होता. मग साडेबारा टक्के हे कोठून आले? या प्रश्नाचे उत्तर एका वकिलाच्या आयुष्यात आहे. त्या वकिलाचे नाव दिनकर बाळू पाटील. रायगड आणि नवी मुंबईच्या गावोगावी त्यांना 'दिबा' म्हणूनच ओळखले जाते.

१३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई या गावी दिबांचा जन्म झाला. खाडीच्या काठावरचा हा आगरी-कोळ्यांचा मुलूख. खार जमिनीत भात पिकवावे, मिठागरात राबावे, खाडीत जाळे टाकावे आणि वर्षाची तोंडमिळवणी करावी, असे येथील कष्टाचे जीवन. सातबारा वाचता येणारा माणूस गावात शोधावा लागे आणि कचेरीतील कारकुनाचा शब्द हाच कायदा मानला जाई. अशा समाजातील एक तरुण कायद्याची पदवी घेतो, ही त्या काळी एका कुटुंबापुरती आनंदवार्ता नव्हती. वकील झालेल्या या तरुणाला पैसा आणि प्रतिष्ठा देणारे मार्ग मोकळे होते. दिबांनी पनवेल ही आपली कर्मभूमी केली आणि अंगावरचा काळा कोट आपल्या माणसांसाठी वापरायचे ठरविले.

कुलाबा जिल्ह्याला या बाबतीत एक परंपरा होती. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जाचाविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि सहा वर्षे उपासमार सोसून तो निर्धार टिकविला. या लढ्याच्या पाठीशी उभे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही वकीलच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा अधिक व्यापक कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ही पुढची पावले. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानणारा तो दिवस. सभेत घोषणा देऊन प्रश्न मांडता येतो, परंतु तो सोडवायचा तर तो कायद्याच्या कलमात उतरवावा लागतो, हे या प्रदेशाने अनुभवाने शिकलेले शहाणपण होते. दिबा त्या शहाणपणाचे वारस ठरले.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने सारा मुलूख पेटलेला असताना ते पनवेलमधून शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने विधानसभेवर निवडून आले. एकूण पाच वेळा विधानसभा आणि दोन वेळा लोकसभा अशी त्यांची संसदीय वाटचाल झाली. विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. परंतु पदांची ही यादी म्हणजे दिबा नव्हेत. त्यांच्या आयुष्याची खरी कसोटी लागली ती नवी मुंबईच्या उभारणीत.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे, अशी ती योजना. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश त्यासाठी निश्चित झाला. शहर आवश्यक होते, याबद्दल वाद नाही. प्रश्न होता तो शहरासाठी उठविल्या जाणाऱ्या माणसाचा. संपादनासाठी हाताशी होता १८९४ चा, म्हणजे इंग्रजांच्या राजवटीतला भूसंपादन कायदा. त्या कायद्याचे गणित सरळ होते. कलम ४ खालील अधिसूचना ज्या दिवशी निघेल, त्या दिवशीचा बाजारभाव हीच जमिनीची किंमत. शेताला शेताचा भाव. उद्या त्याच शेतावर रस्ता, रेल्वे, बाजारपेठ आणि बंदर येणार आणि जमिनीचे मोल शतपट होणार, हे सर्वांना दिसत असले तरी त्या वाढीत मूळ मालकाचा छदामही नाही. निवाडा मान्य नसेल तर कलम १८ खाली न्यायालयाकडे संदर्भ मागता येई. परंतु तेथेही वाद व्हायचा तो भाव किती, एवढाच. कारण न्यायाधीशांचे हात कायद्याने बांधलेले होते.

एखाद्या सामान्य वकिलाने येथे काय केले असते? गावोगावचे संदर्भ अर्ज गोळा केले असते, वाढीव मोबदला मिळवून दिला असता, आपली फी घेतली असती आणि कोणाही प्रामाणिक वकिलाला अभिमान वाटावा असेच ते काम ठरले असते. दिबांची दृष्टी याच्या पुढची होती. न्यायालयात जास्तीत जास्त चांगला भाव मिळेल, पैसा हाती येईल, लग्नकार्यात आणि घरदुरुस्तीत तो खर्च होईल आणि एका पिढीत शेतकऱ्याचा मुलगा आपल्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या शहरात परका होईल, हे त्यांनी ओळखले. जमीन ही नुसती मालमत्ता नसते. ती पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका असते. उपजीविकेची भरपाई एकदा दिलेल्या रकमेने होत नाही. शहर ज्यांच्या जमिनीवर उभे राहते, त्यांना त्या शहरात वाटा मिळाला पाहिजे, हा तो विचार होता. कायद्यात तशी तरतूद नव्हती. तरतूद नसेल तर ती निर्माण करावयास भाग पाडायचे, हा मार्ग त्यांनी धरला.

त्या मार्गावरील सर्वांत दुःखद टप्पा म्हणजे जानेवारी १९८४. उरण परिसरातील जमिनींच्या संपादनाविरुद्ध दिबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ जानेवारी रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर येथे पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ले गावचे नामदेव शंकर घरत, धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर आणि पागोटे गावचे कमलाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील व केशव महादेव पाटील हे पाच जण धारातीर्थी पडले. दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला उरणची गावे या हुतात्म्यांना मानवंदना देतात. आंदोलनाचा नेता म्हणून या पाच घरांचे दुःख दिबांच्या वाट्याला आले ते आयुष्यभरासाठी. पक्षकार हरला तर वकील दुसऱ्या दिवशी दुसरा खटला हाती घेतो. समाजाचे वकीलपत्र घेतलेल्याला ती सोय नसते.

त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. ज्या पाच जागा त्या लाटेतही तिच्या हाती लागल्या नाहीत, त्यांत कुलाबा ही एक होती आणि तेथून दि. बा. पाटील निवडून आले होते. दास्तान फाट्याच्या रक्ताला मतदारांनी दिलेला तो कौल होता.

सरकारला विचार करावा लागला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. ६ मार्च १९९० रोजी त्याचा शासन निर्णय निघाला आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने त्यात सुधारणा झाल्या. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले होते. त्या बंदरग्रस्तांनाही हेच तत्त्व लागू व्हावे, यासाठी पुढे लढा चालू राहिला. संपादन करणारी संस्था आणि संपादित होणारा शेतकरी यांचे नाते त्या एका निर्णयाने पालटले. काल केवळ पैसे घेऊन बाजूला होणारा शेतकरी आज नव्या शहराचा भागीदार झाला.

या तत्त्वाचा प्रवास नवी मुंबईपुरता थांबला नाही. २०१३ साली संसदेने १८९४ चा जुना कायदा रद्द करून नवा भूसंपादन कायदा केला. नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीचा वीस टक्के भाग संपादनाच्या व विकासाच्या खर्चाइतक्या किमतीत मूळ जमीनधारकांना देऊ करण्याची तरतूद त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. नवी मुंबई विमानतळामुळे विस्थापित झालेल्या गावांसाठी २०१४ च्या शासन निर्णयाने साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे पॅकेज मान्य झाले. करंजाडे-वडघर परिसरात त्या विमानतळग्रस्तांच्या पुनर्वसनाची क्षेत्रे आहेत. हे सारे पाहण्यास दिबा नव्हते. २४ जून २०१३ रोजी पनवेल येथील 'संग्राम' या त्यांच्या निवासस्थानी त्यांनी जगाचा निरोप घेतला होता. घराला 'संग्राम' हे नाव देणाऱ्या माणसाच्या कुटुंबाने काय काय सोसले असेल, याची कल्पना करण्यास फार तपशिलाची गरज नाही. सार्वजनिक जीवनातील माणसाचे घर हे अर्धे कचेरी आणि अर्धे धर्मशाळा असते. ओसरीवर कागदपत्रे घेऊन बसलेली माणसे आणि चुलीवर सतत उकळणारा चहा हे ज्या घराने आपले मानले, त्या घराचाही साडेबारा टक्क्यांमध्ये वाटा आहे.

दिबांची राजकीय विचारसरणी डाव्या वळणाची होती. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांचे आणि शेतकरी कामगार पक्षाचे मार्ग वेगळे, हे उघडच आहे. १९९९ साली दिबांनी तो पक्ष सोडून शिवसेनेत प्रवेश केला. परंतु माणूस मोजायचा तो त्याच्या पक्षाच्या नावाने नव्हे. १९५७ च्या विधानसभेत पनवेलहून दिबा आले, तेव्हाच बोरघाटाच्या पलीकडून, मावळमधून, रामभाऊ म्हाळगी हे जनसंघाचे महाराष्ट्रातील पहिले आमदार म्हणून निवडून आले होते. तेही कायद्याचे पदवीधर. वीस वर्षांनी, आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत, ठाण्यातून म्हाळगी आणि शेजारच्या कुलाब्यातून दि. बा. पाटील लोकसभेत पोहोचले. शेतकरी कामगार पक्ष तेव्हा जनता पक्षाच्या बरोबर होता. नवी मुंबईची भूमी ज्या दोन जिल्ह्यांत पसरली आहे, त्या दोन जिल्ह्यांचे हे दोन प्रतिनिधी. विचार भिन्न, शब्दकळा भिन्न. परंतु मतदाराला आपल्या कामाचा हिशेब देणे हे कर्तव्य आहे, ही धारणा समान. म्हाळगी आपल्या कार्याचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत. दिबांचा अहवाल शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आणि भूखंडाच्या पत्रावर लिहिला गेला. प्रतिस्पर्ध्याच्या गुणांना मान देण्याची महाराष्ट्राची रीत जुनी आहे आणि ती जपणे हे संस्कृतीचे नाव घेणाऱ्यांचे पहिले कर्तव्य आहे.

मैत्रीचाही उल्लेख येथे केला पाहिजे. अलिबागचे ॲड. दत्ता पाटील हे चरी संपाचे नेते नारायण नागू पाटील यांचे चिरंजीव. सांगोल्याचे ॲड. गणपतराव देशमुख हे दिबांच्याच वयाचे, १९२६ मध्येच जन्मलेले आणि सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर गेलेले. प्रा. एन. डी. पाटील हेही कायद्याचे पदवीधर. एका पक्षात, एका पिढीत इतके कायदेपंडित एकत्र यावेत आणि त्यांतील एकानेही कायदा हे केवळ धन मिळविण्याचे साधन मानू नये, हे दृश्य आज दुर्मीळ झाले आहे. सहकाऱ्यांची मैत्री ही अशी असते. एकाने सभा गाजवावी, दुसऱ्याने विधेयकातील कलम शोधावे, तिसऱ्याने तुरुंगात गेलेल्याच्या घरी धान्य पोहोचते की नाही ते पाहावे. कोणतेही मोठे सामाजिक काम एकट्याच्या बुद्धीवर उभे राहत नाही. ते एकमेकांवर टाकलेल्या विश्वासावर उभे राहते.

येथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. परंतु करंजाड्यात उभे राहून आजचे चित्र पाहिले, तर अभिमानाबरोबर काळजीही वाटल्यावाचून राहत नाही. हिशेब मांडून पाहावा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. सार्वजनिक सुविधांसाठी त्यातून तीस टक्के वजा होतात. उरतात साडेतीन गुंठे. घरात चार भाऊ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एक गुंठाही येत नाही. दोन बहिणी धरल्या तर वाटा अर्ध्या गुंठ्याच्या जरा वर. हुतात्म्यांच्या रक्ताने मिळालेली ही जमीन इतकी थोडी आणि इतकी मोलाची आहे. थोडे आणि मोलाचे जेथे असते, तेथेच भावाभावांत वितुष्ट येते.

अनेकांना भूखंड मिळण्यास वर्षानुवर्षे लागली. वाट पाहता पाहता मूळ खातेदार निवर्तले. वारसांची नोंद राहिली, फेरफार अडला, एकाने परस्पर इसारपावती केली, दुसऱ्याने दावा लावला. ज्याच्या हाती रोकड होती त्याने त्रिपक्षीय करार करून भूखंड घेतला आणि मूळ शेतकऱ्याचा नातू त्याच इमारतीच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहिला, असे प्रसंगही पाहावे लागतात. दिबांनी सरकारकडून मिळविलेला वाटा घरच्या भांडणात गमवावा लागणे, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

त्यातही सर्वांत नाजूक प्रश्न बहिणींचा. भूखंडाची वेळ आली की माहेरी बोलावणे येते, साडीचोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. महाराष्ट्राने १९९४ साली, २२ जूनपूर्वी विवाह न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत सहदायाद म्हणून हक्क दिला. २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून विवाहित-अविवाहित हा भेद मिटविला. वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात निःसंदिग्धपणे सांगितले. बहिणीने समजून, आनंदाने वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. तिला अंधारात ठेवून सही घेतली तर ते कायद्यालाही मान्य नाही आणि धर्मालाही नाही. भाऊबीजेला ओवाळणी घालणाऱ्या हाताने बहिणीचा हक्क लपवू नये, हे सांगणारा माणूस प्रत्येक गावात हवा. तो माणूस वकील असेल तर त्याच्या शब्दाला वजन येते.

येथेच आजच्या तरुण वकिलांचा प्रश्न उभा राहतो. पनवेल परिसरात आज काळ्या कोटांची वाण नाही. आगरी-कोळी, आदिवासी आणि बहुजन घरांतील मुले-मुली मोठ्या संख्येने कायदा शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. जमिनीच्या व्यवहारात पैसा अमाप आहे आणि मोह त्याहून मोठा. भांडण वाढविले तर दोन्ही बाजूंची फी मिळते. भांडण मिटविले तर फक्त दुवा मिळतो. घराण्याचे वाद वीस वर्षे चालवून वकिलाची एक इमारत उभी राहू शकते. परंतु त्याच काळात एक कुळ उद्ध्वस्त होते. दिबांच्या मार्गाने जायचे असेल तर या दोन वाटांतील निवड पहिल्याच अशिलापाशी करावी लागते.

त्यासाठी आंदोलन उभारण्याची किंवा आमदार होण्याची आवश्यकता नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार आणि अल्प उत्पन्नाच्या व्यक्ती यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी विधी सेवा समिती असते. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. भावाभावांच्या वादाला याहून उत्तम औषध नाही. परंतु ही माहिती गाव-पाड्यापर्यंत पोहोचत नाही. करंजाड्यासारख्या वसाहतीत आठवड्यातील एक संध्याकाळ दोन-चार वकिलांनी मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या खोलीत बसावे, लोकांचे सातबारे, फेरफार आणि करारनामे वाचून दाखवावेत, वारस नोंदीचा अर्ज भरून द्यावा, सही करण्यापूर्वी कागदात काय लिहिले आहे ते म्हातारीला तिच्या बोलीत समजावून सांगावे. एवढे केले तरी पुष्कळ घरे मोडण्यापासून वाचतील. कार्यकर्त्यांनी अशा उपक्रमासाठी जागा, सतरंजी आणि चहा पुरविला, तर ते काम कोणत्याही सभेइतकेच संघटनेचे काम ठरेल.

नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबांचेही काही कर्तव्य आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली ही कुटुंबे कर्ज काढून, कष्टाने घर घेतात. त्यांचा कोणताही अपराध नाही. परंतु गावठाणातील शेजारी हा 'लोकल' म्हणून हिणवण्याचा विषय नाही. ज्याच्या आजोबाने शेत दिले म्हणून हे शहर उभे राहिले, तो या वसाहतीचा यजमान आहे. गावदेवीच्या जत्रेला जावे, गावाच्या सुखदुःखात सहभागी व्हावे, मुलांना १६ जानेवारीचा अर्थ सांगावा. गाव आणि वसाहत यांच्यामध्ये उभी राहिलेली अदृश्य भिंत अशानेच खाली येईल. समाज एकरस होतो तो परस्परांचे ऋण ओळखल्याने.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. या विमानतळाला दिबांचे नाव द्यावे, यासाठी भूमिपुत्रांनी २०२१ साली मानवी साखळी आणि मोर्चे काढले. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने आणि पाठोपाठ विधिमंडळाने तसा ठराव केला. नावाचा आग्रह योग्यच आहे. ज्यांनी गावे रिकामी केली, त्यांच्या नेत्याचे स्मरण त्या भूमीवर राहावे, ही अपेक्षा न्याय्य आहे. मात्र नाव हे स्मरणाचे साधन आहे, पर्याय नव्हे. कमानीवर नाव कोरले आणि घरातील वाटपाच्या वेळी बहिणीला फसविले, तर त्या नावाचा तो सन्मान नव्हे.

वकील जेव्हा एखाद्याचा खटला स्वीकारतो, तेव्हा अशील वकीलपत्रावर सही करतो. निकाल लागला की ते वकीलपत्र संपते. दिबांनी घेतलेल्या वकीलपत्रावर ९५ गावांची सही होती आणि त्या खटल्याचा अंतिम निकाल अजून लागलेला नाही. भूखंड मिळाला, तो घरात न्यायाने वाटला जातो का, विकला गेला तर डोळसपणे विकला जातो का, शेतकऱ्याचा नातू या शहरात मानाने उभा राहतो का, हे मुद्दे अद्याप निर्णयासाठी बाकी आहेत. मूळ वकील आता हयात नाहीत. कागदपत्रे मात्र करंजाड्याच्या प्रत्येक घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. ती खाली काढून वाचण्यापासून आरंभ करता येईल.